उंबरा नसलेलं घर

फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. मोड आलेले वाल सोलायला घेतले की हात आपले आपण चालतात आणि मन कुठल्या कुठे फिरून येतं, तसं ते त्या सकाळीही गेलं होतं. पलीकडून वहिनींचा आवाज आला, रोजच्यासारखाच, जरा कोरडा. "सुलभा, हे गेले गं. तुम्ही दोघं या." कुठे, असं माझ्या तोंडून जवळजवळ निघालंच होतं... कारण आमचे वसंतभाऊजी सारखे कुठे ना कुठे निघालेलेच असायचे. मग त्या आवाजामागची शांतता कानात शिरली आणि मी वालाचं भांडं तसंच सोडून ह्यांना हाक मारली. नवीन पनवेलातल्या आमच्या घरापासून सुकापूरला त्यांच्याकडे जायला रिक्षाने कितीसा वेळ लागतो, पण ती वाट त्या दिवशी संपेचना. फाटकातून आत शिरताना आधी दिसला तो जांभळाखाली उभा असलेला पेटारा, भाऊजींनी बनवलेलं चाकांवरचं घर. त्याच्या छपरावर जांभळाची पानं पडली होती. भाऊजी असते तर चहा झाल्या झाल्या त्यांनी ती झाडून काढली असती. पण त्या सकाळी चहा पिऊन खुर्चीत टेकले ते पुन्हा उठलेच नव्हते.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या मनातल्या यंत्रांची, असा त्यांचा जन्म गेला. बोलणं कमी. कुणी भांडायला आलं तर ते त्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी त्याच्या सायकलीची चेन सैल आहे एवढं सांगायचे. मला लग्नानंतर पहिली काही वर्षं हे दीर जरा चक्रमच वाटायचे. माझ्या तोंडाचा पट्टा आणि त्यांचा अबोला, दोन्ही एका घरात कसे नांदले कोण जाणे. पण मला त्यांच्याशी बोलायला फार आवडायचं, कारण ते मध्ये बोलायचे नाहीत.

पेटाऱ्याची गोष्ट सांगायची तर वहिनींच्या माहेरापासून सुरुवात करावी लागेल. श्रीवर्धनच्या वाटेवर समुद्राला टेकलेलं एक छोटं गाव आहे. पुढे अंगण, मागे पोफळीची वाडी आणि वाडीच्या टोकाला पुळण, असं ते घर. वहिनींचे वडील गेले त्या दिवशी वहिनी पनवेलहून एसटीने निघाल्या, गाडी वाटेत बंद पडली, आणि त्या पोचल्या तेव्हा दिवस मावळला होता. दादांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने, तोवर सगळं उरकून घेतलं होतं. वहिनींना वडिलांचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. त्यांचा एक पाय उंबऱ्यावर होता, तो त्यांनी मागे घेतला. "ज्या घराने माझी वाट पाहिली नाही, त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही," असं म्हणाल्या आणि शेजारणीकडे रात्र काढून सकाळच्या गाडीने परतल्या. हे असं का केलं ते दादांनी कधी सांगितलं नाही, आणि वहिनींनी विचारलं नाही. दोघं एकाच आईची लेकरं... एक दगड तर दुसरा धोंडा.

त्यानंतर भाऊबीजेला वहिनी चंद्राला ओवाळायच्या. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. वहिनींना तर भाऊ होता, चांगला धडधाकट. मावळतीला ती बारीक कोर दिसली की त्या निरांजन घेऊन गच्चीवर जायच्या, आणि भाऊजी मागे वाऱ्याला आडवा हात धरून उभे राहायचे, ज्योत विझू नये म्हणून. मला ते पाहवायचं नाही. मी एकदा भाऊजींना म्हटलंसुद्धा की तुम्ही त्यांना समजवत का नाही, नवरा आहात ना. त्यांनी नेहमीसारखं नुसतं ऐकून घेतलं. मग दादांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा पाय गेल्यासारखाच झाला, काठी टेकत कसेबसे अंगणापर्यंत यायचे. म्हणजे भाऊ आता बहिणीकडे येऊ शकत नव्हता, आणि बहीण भावाकडे जाणार नव्हती. वहिनी त्या दिवसांत भांडी घासता घासता मध्येच थांबायच्या, नळ तसाच वाहत राहायचा.

भाऊजींच्या कारखान्यात परदेशी मासिकं यायची, त्यातल्या एका पानावर त्यांना ते चित्र दिसलं होतं. मोटारीच्या मागे ओढत न्यायची एक बसकी पेटी, आणि शेजारच्या चित्रात तीच पेटी उघडून झालेलं घर. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट असेल. त्यांनी त्या पानावरून स्वतःची चित्रं काढली, मोडक्या जीपचा आस आणि दोन चाकं पैदा केली, आणि विचुंब्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडे सांगाडा करायला टाकला. तो गावचाच माणूस, चित्र उलटसुलट करून बघत म्हणाला, "भाऊ, ह्यो घर हाय का गाडी हाय, त्ये आदी सांगा. घराचा जोड यगला, गाडीचा यगला. आमी तसा मारू." भाऊजींनी थोडा विचार केला आणि सांगितलं की दोन्ही आहे, पण घर जास्त. हे संभाषण मी स्वतः ऐकलं आहे. पुढे वर्षभर घरातल्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आमचे हे म्हणायचे. मी म्हणायचे की घर पाहावं बांधून म्हणतात, पण ते एकदाच. कॉलनीतल्या पोरांनी त्याचं नाव पेटारा ठेवलं आणि तेच राहिलं.

तयार झाला तेव्हा मात्र टिंगल करणारे सगळे रांगेने आत जाऊन आले. बंद असताना कमरेएवढा. मागे सुटं हँडल लावून फिरवत गेलं की छप्पर चारही कोपऱ्यांवर सावकाश वर उठायचं, मग दोन्ही बाजूंनी दोन बिछाने ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे आणि ताडपत्रीच्या भिंती ताणून बसवायच्या. ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्याकडून त्या शिवून घेतल्या होत्या, जाळीच्या खिडक्यांसकट. भाऊजी एरवी अबोल, पण पेटाऱ्याचे गुण सांगायला लागले की थांबायचे नाहीत. बंद केला की कपाट, उघडला की घर, ही सुरुवात. मग उंच पेटी ओढली तर खिंडीतला वारा तिला हेलकावे देतो, ही बसकी असल्यामुळे जीपच्या पाठीमागे लपते. आरशात मागचा रस्ता दिसतो. वजन असं की आपली म्हातारी जीपसुद्धा घाटात दमत नाही, आणि घरी आल्यावर साध्या फाटकातून आत येऊन झाडाखाली बसते. तंबूसारखं जमिनीवर पडायला नको, विंचूकाट्याची भीती नाही, खालून ओल नाही. कापडाच्या भिंती असल्यामुळे वारा खेळतो, भर उन्हाळ्यातही जीव गुदमरत नाही. परक्या चादरी नकोत, परक्या चुलीवरचं नको. आणि हे सगळं उभं करायला दोन माणसं आणि चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरे.

मला पटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. मागच्या बाजूला त्यांनी ताडपत्रीची एक छोटी आडोशाची मोरी काढली होती, बादली, तांब्या, कडी, सगळं. बायका प्रवासात पाणी का पीत नाहीत हे पुरुषांच्या गावीही नसतं. भाऊजींच्या गावी होतं. ती मोरी पाहिल्यावर मी पेटाऱ्याला नावं ठेवणं बंद केलं ते कायमचं.

पहिल्या पूजेला भटजींचं घोडं अडलं. वाहन असेल तर चाकाखाली लिंबू, वास्तू असेल तर उंबऱ्याची पूजा. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, आत स्टोव्हवर दूध उतू घातलं, छपराला तोरण बांधलं, आणि मग वहिनी हळदकुंकवाचं तबक घेऊन उंबरा शोधायला लागल्या. उंबरा नव्हताच. दाराशी पायरीही नव्हती, तर एक रुंद, उताराची फळी होती, तिच्यावर काथ्या ठोकलेला. वहिनींनी विचारलं, घराला उंबरा नको का हो? भाऊजी म्हणाले, राहिला खरा. आम्हाला वाटलं, चित्र काढताना विसरले असतील. वहिनींनी त्या फळीलाच कुंकू लावलं.

मग आम्ही चौघं कर्नाळ्याच्या पायथ्याशी जाऊन राहिलो, चाचणी म्हणून. त्या दुपारी मी बाहेर ओढलेल्या बिछान्यावर पडले होते. खाली जमीन नाही, आजूबाजूला नुसतं कापड. वारा आला की भिंत हळूच आत यायची आणि हळूच बाहेर जायची, जणू घर झोपेत श्वास घेतंय. वर पानांच्या सावल्या सरकत होत्या. ऊन गडद व्हायचं, फिकं व्हायचं, कुठेतरी भारद्वाज घुमत होता, भाऊजी स्टोव्हला पंप मारत होते तो आवाजही जवळचा की लांबचा ते कळत नव्हतं. मला वाटलं, आपण कुठेच पोचलेलो नाही आणि कुठून निघालेलोही नाही... असंच हवेत राहिलोय. शेजारच्या बिछान्यावर वहिनी पडल्या होत्या. मला वाटलं त्या झोपल्यात. पण त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, आमच्या वाडीतही दुपारी असंच ऊन पडायचं. त्या घराचं नाव त्यांनी कित्येक दिवसांनी काढलं होतं.

दिवाळी जवळ आली तसं एकदा जेवताना भाऊजी म्हणाले, "कुसुम, भावाच्या घरात जायचं नाही असं तू म्हणालीस. तुझं घर त्याच्या अंगणात नेलं तर?"

वहिनी ताटावरून उठल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पण मग त्या शपथेचा असा काही कीस पाडला गेला की कोर्टातही पाडला जात नसेल. अंगण हे घर की घराबाहेर? उंबरा ओलांडणार नाही म्हटलं होतं, अंगणाचं काय? आमची एक आतेसासू होती, सगळ्या रीतिभातींचा शेवटचा शब्द तिचा. तिने सुपारी कातरत निकाल दिला की सडा घालतात ते अंगण, आणि सडा घराबाहेर घालतात. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी येतो, ही रीत. बहिणीचं घर कुठे असावं हे शास्त्रात सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनी करंज्यांचं पीठ दुप्पट भिजवलं, तेव्हा आम्ही समजलो. प्यायचं पाणी मात्र त्यांनी पनवेलहून कॅन भरून घेतलं. त्या घरचं पाणी नको म्हणाल्या.

म्हसळ्याच्या घाटात पेटारा मागे शहाण्या वासरासारखा येत होता. वाटेत एका हवालदाराने थांबवून आत काय आहे विचारलं, तर भाऊजींनी प्रामाणिकपणे घर आहे म्हणून सांगितलं आणि त्याला ते उघडून दाखवावं लागलं. दुपार कलताना आम्ही त्या अंगणात शिरलो. दादा ओटीवर खांबाला धरून उभे होते. भाऊजींनी हँडल फिरवलं, छप्पर वर गेलं, भिंती ताणल्या, आणि पोफळींच्या लांबच लांब सावल्या येऊन कापडावर पडल्या. वहिनींनी दारापुढे सडा घातला, चार ठिपक्यांची रांगोळी काढली, आत पाट मांडला आणि तबक घेऊन बसून राहिल्या. समुद्राचा आवाज येत होता. दादा ओटीवरून उतरले. काठी, पाय, काठी, पाय... ते अंगण मला तेव्हा केवढं मोठं वाटलं. दाराशी येऊन त्यांनी काठी फळीवर टेकवली आणि तो न उचलणारा पाय काथ्यावरून अलगद ओढत ते आत गेले. फळी कोणासाठी होती आणि उंबरा का राहिला होता, ते मला तेव्हा कळलं. मी भाऊजींकडे पाहिलं. ते वाकून चाकाला दगड लावत होते, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

वहिनींनी ओवाळलं. दोघांच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि दोघंही समोरच्याचं पाहत नसल्यासारखं करत होती. त्यानंतर दरवर्षी भाऊबीजेला आम्ही त्या अंगणात असायचो. दादा बहिणीकडे पाहुणे म्हणून यायचे, वहिनी त्यांना वाढायच्या, दोघं जुन्या गोष्टी काढून हसायची. पाण्याचा कॅनही पुढच्या वर्षापासून पनवेललाच राहिला. पण उंबरा तो उंबराच. वहिनी ओटीच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन भावजयीशी गप्पा मारायच्या आणि परत फिरायच्या. आणि भाऊजीही कधी आत गेले नाहीत. दादांची बायको दरवर्षी बोलवायची, जावईबापू, तुम्ही तरी आत जेवायला या. भाऊजी हसून नको म्हणायचे. बायको बाहेर आणि नवरा आत पाटावर, हे त्यांना जमणारं नव्हतं. मी एकदा, सवयीने, त्यांना विचारलंच. इतकं सगळं झालं, आता वहिनींना आत जा म्हणायला काय हरकत आहे? स्टोव्हची वात नीट करत ते म्हणाले, "सुलभा, माणसाचा हट्ट मोडायला जाऊ नये. त्याला चाकं लावून द्यावीत. कुठे जायचं ते तो बघतो." एवढं सलग ते पेटाऱ्याशिवाय दुसऱ्या कशावर क्वचितच बोलले असतील.

भाऊजी गेले त्या दिवशी दादांना फोनवर कळवलं. त्यांच्या मुलाने जीप करून त्यांना घेऊन निघतो म्हटलं. पाय असा, तरी दादा येतो म्हणाले. मग माणगावच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाल्याचं कळलं, दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा. दुपार टळली. अंगणात माणसं उभी होती, बसत होती, पुन्हा उभी राहत होती. भटजी एकदा आमच्या ह्यांच्याशी हळू आवाजात बोलून गेले, मग कॉलनीतले वडीलधारे. उशीर होतोय, दिवस मावळायच्या आत... कुणाची वहिनींना विचारायची हिंमत होईना. कारण सगळ्यांना ती जुनी गोष्ट ठाऊक होती. वहिनी भाऊजींच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "न्या."

दादा आले तेव्हा दिवेलागण झाली होती. घर धुऊन काढलेलं, माणसं पांगलेली. जीपमधून उतरून काठी टेकत ते दाराशी आले, आणि रिकामी जागा पाहून उंबऱ्याबाहेरच थांबले. मी वहिनींच्या शेजारी होते. वहिनी लहान मुलीसारख्या उठून उभ्या राहिल्या. "दादा, मी थांबले नाही रे," त्या म्हणाल्या. "मला थांबता आलं नाही." दादांनी काठी भिंतीला लावली, चौकटीला धरलं आणि तो जड पाय दोन्ही हातांनी उचलून उंबऱ्याच्या आत ठेवला. मग दुसरा. आत येऊन ते बहिणीजवळ जमिनीवर बसले. जमिनीवर बसणं त्यांना डॉक्टरांनी मना केलं होतं. मला तिथे राहवलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, भाऊजींसाठी, आणि त्या दोघांसाठीही.

दिवस झाल्यावर बाईला माहेरच्यांनी चार दिवस घेऊन जायचं, अशी रीत आहे. दादांचा निरोप आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, पेटारा जोडा. जीप आता आमचे हेच चालवतात. मागच्या आठवड्यात आम्ही निघालो. पेणच्या पुढे वहिनींनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही आणि मी सारखी पाहत होते. अंगणात ह्यांनी पेटारा नेहमीच्या जागी, चाकांनी जमिनीत करून ठेवलेल्या खोलगट जागेत अचूक बसवला, दगड लावले, आणि हँडल काढायला गेले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "उघडू नका."

त्यांनी छपरावर तळहात ठेवला. ते उन्हाने तापलं असणार, पण हात काढला नाही. पोफळींच्या सावल्या हलत होत्या, कापडावर पडायच्या त्या आता पत्र्यावर पडत होत्या. दुपार अगदी स्तब्ध होती, आणि मला उगाच वाटत राहिलं की आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येईल... मग वहिनी ओटीच्या पायऱ्या चढल्या. चपला काढल्या. पदर सारखा केला. दारात दादा उभे होते, ते जरा बाजूला झाले, आणि वहिनी आत गेल्या. आत अंधार होता, म्हणून पुढचं काही दिसलं नाही. थोड्या वेळाने फक्त त्यांची हाक आली, सुलभा, ऊन लागेल, आत ये ना.

मी लगेच गेले नाही. पेटाऱ्यापाशी उभी राहिले. भाऊजी असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला अगदी स्पष्ट दिसत होतं. हँडल खिशात टाकलं असतं, हात धुतले असते, आणि सासुरवाडीत जेवायला आत गेले असते.